स्वस्तातलं तिकीट

मालवणच्या बाजारात विमानाची तिकिटं काढून देणारे एक गृहस्थ आहेत. भाडं सांगण्याआधी ते चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "घरातली म्हातारी माणसां कशी आसत?" उत्तर ऐकून मगच कुठलं तिकीट घ्यायचं ते सांगतात. मला ही चौकशी आगाऊ वाटायची.

मस्कतचा भाऊ चतुर्थीला येणार होता. आई अंथरुणाला खिळलेली. पण खरं सांगितलं तर महागाचं तिकीट गळ्यात पडणार, म्हणून मी म्हटलं, "बरी आसा."

"बघ हां. स्वस्तातल्याची तारीख बदलाची नाय, पैसेय परत गावाचे नाय."

"चलात. स्वस्तातलाच काढा."

चतुर्थीच्या आठ दिवस आधी आई गेली. भावाला दुसरं तिकीट मिळेना. अग्नी मीच दिला. तो ठरल्या तारखेला उतरला, तेव्हा सुतकामुळे घरात गणपतीही नव्हता. बाराव्याला ते गृहस्थ आले, जेवले, तिकिटाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत.

यंदा भावाच्या तिकिटासाठी पुन्हा गेलो. त्यांचा चष्मा नाकावरच राहिला. काहीही न विचारता त्यांनी सगळ्यांत स्वस्त तिकीट काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.