आप्पांनी आणलेलं मीठ

माझ्या वडिलांना, आप्पांना, हळू बोलता येत नसे. मागाच्या खडखडाटात बोलायची जन्माची सवय, त्यामुळं माग थांबला तरी आवाज तसाच चालू राहायचा. आईच्या कानाशी ते काही गुपित सांगू लागले, की समोरच्या घरातली भीमाकाकू तिकडून सल्ला द्यायची. देवापुढं हात जोडून ते मनातल्या मनात काही मागायचे, तेही पुजाऱ्याला ऐकू जायचं. "इणकराचं बोलनं मागाच्या वर ऐकू गेलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. शहापुरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी माग, त्यामुळं सगळीच मंडळी मोठ्यानं बोलायची. पण त्या गलक्यातही आप्पांचा आवाज वेगळा ओळखू यायचा.

त्या आवाजात ते बहुतेक वेळा एकच वाक्य बोलत. "तंगडं मोडून हातात दीन." हे ते मला म्हणत, शेजारच्या पोरांना म्हणत, दारातल्या शेळीला म्हणत आणि सूत तुटलं की हातातल्या धोट्यालाही म्हणत. गल्लीत नवी सून आली, की पहिले काही दिवस ती दचकून भांडी पाडायची. मग तिच्या लक्षात यायचं, की इतकी वर्षं हा माणूस तंगड्या मोडतोय आणि गल्लीत एकही लंगडा नाही. त्यानंतर तिचं पोरही आप्पांच्या ओरडण्यात गाढ झोपायचं.

पाजणीच्या दिवशी मात्र त्यांच्या वाटेला कुणी जात नसे. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर विणताना सूत टिकत नाही. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवायची. सकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरायचा आणि दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांनी खळ लावायला कुंचे घेऊन उभं राहायचं. हे काम एकट्याचं नव्हे. म्हणून गल्लीत वार लावलेले असत, आज आमच्याकडं, उद्या भीमाकाकूकडं. आपला वार हुकला, की पुन्हा पाळी येईपर्यंत माग रिकामा, आणि माग रिकामा तर चूल थंड. हे मला पाचव्या वर्षीही ठाऊक होतं. कारण आप्पा ते रोज ओरडून सांगायचे.

अशाच एका पाजणीच्या सकाळी गल्लीत एक परका माणूस आला. खांद्यावर घोंगडं, पाय धुळीनं भरलेले. लोंढ्याकडच्या रानातलं काम संपवून तो तंबाखूच्या कामासाठी निपाणीला पायी निघाला होता. पसरलेला ताणा कुणी ओलांडायचा नाही, खालून वाकूनही जायचं नाही, हा आमच्याकडचा नेम. तो त्यालाही माहीत असावा. बिचारा आमच्या कट्ट्यावर टेकला आणि मला म्हणाला, "नीरु." मी पाण्याचा तांब्या दिला. तो त्यानं एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढं केला. पाण्यावर पोट भरणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला फार वाईट वाटलं.

आई विहिरीवर गेली होती. सोप्यात मागाशेजारी एक मोठं मडकं होतं, त्यात पांढरीशुभ्र आंबील. आई आंबिलीत ताक घालते हे मी बघितलेलं होतं. नुकतंच घुसळलेलं ताक चुलीपाशी होतं, ते मी उचललं आणि सगळंच्या सगळं मडक्यात ओतलं. हातानं ढवळलं, वाटी भरली आणि पाहुण्याला नेऊन दिली. ती आंबील नव्हती, ती पाजणीची खळ होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि पुढं कितीतरी वर्षं कळलं नाही.

बाहेर ताणा पसरून झाला, माणसं कुंचे घेऊन उभी राहिली आणि आप्पा खळ न्यायला आत आले. मडक्यात ताकपाणी हिंदकळत होतं. त्यांचा आवाज म्हणे शेजारच्या वडगावात ऐकू गेला. "घर बुडालं माझं. कोन मेलं हितं तडफडाय?" असं ओरडत ते कुंचा उगारून कट्ट्यावर आले. तिथं तो माणूस वाटी तोंडाला लावून बसला होता. घरधनी विचारपूस करायला आला असं त्याला वाटलं असावं. त्यानं मिशा पुसल्या, अर्धवट उठून अदबीनं मान लववली आणि म्हणाला, "यजमान्रे, स्वल्प उप्पु."

थोडं मीठ पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. आमच्या भागात एवढं कन्नड पाळण्यातल्या पोरालाही येतं. आप्पांचं तोंड उघडंच राहिलं, आणि त्यातून आवाज येत नाही असं मी जन्मात तेवढंच एकदा पाहिलं. त्यांनी पाहुण्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आप्पा, म्या आंबील दिली त्येस्नी. मिटाचं गाडगं वर हाय, माजा हात पुरंना."

आप्पांनी कुंचा खाली ठेवला आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत मीठ होतं. ते त्यांनी स्वतः त्याच्या वाटीत घातलं आणि सावकाश होऊ दे, असं त्याला कन्नडमधून सांगितलं, तेही इतक्या हळू, की आप्पांची तब्येत बिघडली असं समजून भीमाकाकू धावत आली.

पाहुण्यानं आणखी एक वाटी मागून घेतली. आपण काय खातोय हे त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. आप्पांनी टोकाची दोरी सोडून ताणा बाजूला घेतला आणि त्याला वाट करून दिली. फौजदार आला असता तरी त्यांनी हे केलं नसतं. मी त्याला देवळापर्यंत पोचवायला गेले.

तेवढ्या वेळात गल्लीत पोट धरधरून हसणं चाललं होतं. आप्पांनी सगळ्यांना गोळा करून दम दिला, "मी जिता हाय तवर पोरीच्या कानावर ह्ये गेलं, तर एकेकाचं तंगडं मोडून हातात दीन." पण खळीचं काय? ऊन तर चढू लागलेलं. शेवटी भीमाकाकूनं घरातली आंबील आणून त्याच मडक्यात ओतली, तिचं बघून दुसरीनं पेज आणली, तिसरीनं पीठ. सगळं एकत्र उकळून ताणा पाजला आणि गल्ली दुपारपर्यंत उपाशी राहिली. त्या ताण्याला ताकाचा वास यायचा. मुंग्या लागल्या, शेळीनं एक कडा चाटून काढली, आणि आप्पा मागावर बसून दिवसभर शेळीच्या तंगड्या मोडत होते. लुगडी कशीबशी विणून झाली आणि विकलीही गेली. ज्या बायकांनी ती नेसली त्यांच्या मागं वासरं लागली असतील.

मी मात्र फुशारून गेले होते. पाहुण्याला जेवू घातल्याची गोष्ट मी गल्लीत सगळ्यांना सांगायची, पुन्हा पुन्हा सांगायची. ऐकणारे ओठ घट्ट मिटून छताकडं बघायचे आणि कुणाला तरी नेमका खोकला यायचा. आमची गल्ली म्हणजे तीळ तोंडात न भिजणारी. पण एवढी एक गोष्ट तिनं पोटात ठेवली. मला बघायला निपाणीहून माणसं आली, तेव्हा तर आप्पांनी स्वतःच ती सांगितली. "पाच वरसाची हुती, आन् परक्या मानसाला पोटभर आंबील घातली पोरीनं," असं ते गरजले. भीमाकाकू पदराचा बोळा तोंडात कोंबून परसात पळाली. सोयरीक जमली.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या पावसाळ्यात आप्पा गेले. बाराव्याला जेवणं झाल्यावर सगळी सोप्यात बसली होती. माग बंद होता. मला ती शांतता सहन होईना. तेवढ्यात भीमाकाकू म्हणाली, "इंदे, आता सांगाय हरकत न्हाय. ती आंबील नव्हती गं." आणि तिनं सगळं सांगितलं. कुणी शेळीची आठवण काढली, कुणी मुंग्यांची. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं हसू त्या सुतकाच्या घरात असं फुटलं, की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून आत डोकावू लागली. हसता हसता मला रडू कोसळलं.

"मग मला कधीच का न्हाई सांगितलं त्यांनी?" मी विचारलं. "एरवी तर सगळं ओरडून सांगायचे."

काकूनं डोळे पुसले. "म्या इचारलं हुतं की. म्हनाले, भीमे, ताना काय, पुन्यांदा पाजता येतोय. पर सांगितलं तर पोरीचा हात आखडंल."

नाही आखडला. त्या सढळ हातापायी मी सासरी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत, आणि त्यातलं एकही मला लागलं नाही.