पाणी दोघांचं

आमचे हे, प्यो ग्वांग-सिक, चाळीस वर्षं आमनोक नदीवर होडी चालवत होते, पण समोरच्या काठाला त्यांनी कधी पाय लावला नाही. आमच्या गावात तो कायदा शेंबड्या पोरालाही पाठ. नदीचं पाणी चीन आणि कोरिया दोघांचं, काठ ज्याचा त्याचा. होडी पार पलीकडच्या लव्हाळ्यापर्यंत नेली तरी गुन्हा नाही. चिखलात पाऊल ठेवलं की घुसखोर.

माणूस मुळात भागूबाई. संध्याकाळी होडीतून उतरले की आधी बुटांचे तळ उलटून बघायचे. शेजारी हसायचे, "ग्वांग-सिक, चिखल आपल्याच देशाचा आहे ना रे?" मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

आमचं गाव चीनच्या काठावर; माझ्या वन्सं, सुन-वोल, लग्न होऊन पलीकडे कोरियात गेलेल्या. तिकडे उपासमार सुरू झाली तशा त्या दर दहा दिवसांनी धुण्याची टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि हे होडीतूनच मक्याचं गाठोडं द्यायचे. दोघंही पाण्यात, म्हणजे कायद्यात. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. त्या वसंतात मात्र पलीकडच्या पहाऱ्यावर नवा शिपाई आला.

त्या दुपारी आम्ही मोठं पोतंच नेलं होतं. वन्संच्या नातवाच्या पायांवर भुकेने सूज आली होती. त्याचं सांगता सांगता त्यांना रडू आलं, यांनाही. तेवढ्यात वरच्या धरणाने दारं लावली असावीत. लव्हाळ्याची मुळं उघडी दिसली तेव्हा मी खाली बघितलं. पाणी सरकलं होतं आणि होडी चिखलात बसली होती.

"उतरून ढकलतो," हे म्हणाले, पण होडीची कड हातातून सुटेना.

"उतरू नकोस," वन्सं म्हणाल्या. "ही आता आमची जमीन आहे."

"अगं ताई, आत्ता इथे पाणी होतं की."

"ते त्याला सांग." वन्संनी मानेनेच दाखवलं. शिपाई बंदूक सावरत उतारावरून येत होता.

"मग पोतं तरी घे."

"पाण्यात घेतलं तर भावाने दिलं. इथे घेतलं तर चोरटा माल. आधी तुम्ही निघा."

आणि त्यांनी होडीला खांदा लावला. गळ्याची हाडं वर आलेली ती बाई दोनदा चिखलात पडली, दोनदा उठली. मी बांबू रोवून रेटत होते आणि मनात एकच, आमचा माणूस वाचू दे. वन्संचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. होडी सुटली तशी धारेने आम्हाला ओढून नेलं. हे भीतीने मागे न बघता वल्हं मारत राहिले.

मी बघत होते. शिपायाने टोपलीतलं ओलं धुणं एकेक करून झटकलं. वन्संना हात पालथे करायला लावले. मग जा म्हणून खूण केली. त्या हळूहळू चढण चढून गेल्या.

"अगं, ताईला धरलं का?"

"नाही, सोडलं."

"काही सापडलं नाही ना?"

"नाही हो," मी सुटकेचा श्वास टाकून म्हटलं, "काहीच नव्हतं त्यांच्याकडे."

यांनी वल्हं खाली ठेवलं, पोत्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलासारखे रडले.