वांग्याच्या आळ्यातलं मीठ

लग्न होऊन मी भोरहून विंझरला आले, तेव्हा इंग्रजी पाचवी शिकलेली सून म्हणून बाया मला बघायला यायच्या. बघून काय दिसणार होतं, देव जाणे! भाकरी तर माझी तव्यावरच फाटायची. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. बाई फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. माझंही तोंड काही शिवलेलं नव्हतं. आमचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

त्या हिवाळ्यात त्यांचा सगळा जीव परसातल्या वांग्यांत होता. बी त्यांच्या माहेरचं, आंबवड्याचं, आईच्या हातचं. आई कधीच गेली होती, माहेरी ती वांगी आता कुणी लावत नव्हतं, आणि घरात राखलेलं बी उंदरांनी फस्त केलं होतं. वाचलं त्या चिमूटभरातून ही रोपं आलेली. ती गेली की आईचं म्हणून काही उरणार नव्हतं.

रोपं फुलावर आली आणि शेजारीण बोलून गेली, "अगं बया, काय वांगी हायेत!" झालं! आत्याबाईंनी खडेमिठाची मूठ रोपांवरून ओवाळली. माणसाची दृष्ट काढली की मीठ चुलीत टाकतात. पण रोपाची नजर मुळाशी बसते, मीठ पाण्यात विरलं की तीही विरते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मीठ आळ्यातच टाकायचं. दोन-चार दिवसांत रोपांनी माना टाकल्या. मग काय, नजर जबर आहे म्हणून आणखी मीठ!

ते बघून मला शाळेतला एक तास आठवला. मास्तरांनी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. विटा रचाव्यात तशा पेशी, प्रत्येकीला बाहेरून भिंत आणि आत पाण्यानं टच्च भरलेली पिशवी. ती पिशवी आतून भिंतीला रेटा देते, म्हणून हाडं नसलेलं रोप ताठ उभं राहतं. मग मास्तरांनी मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला. भिंती जागच्या जागी राहिल्या आणि आतलं सगळं आकसून गोळा झालं.

"आत्याबाई, नका घालू मीठ. ते रोपातलं पाणी ओढून घेतंय."

"आता मीठ तू शिकीवणार व्हय मला?"

मी पेशी, भिंत, पिशवी सगळं सांगितलं. मला बाहेरची बाधा झाल्यागत त्या बघत राहिल्या. शेवटी मी चिडून विचारलं, "मुळा किसून मीठ लावता, मग पिळताना एवढं पाणी कुठनं येतं?"

"कुठनं म्हंजी? मुळ्यातनं."

"आणि मुळा?"

"मऊ पडतो की..." बोलता बोलता त्या थांबल्या. मिठाची मूठ तशीच हातात. "म्हंजी आईचं बी म्याच मारलं गं!" त्यांनी हातातलं मीठ लांब भिरकावलं.

"मेलं नाही अजून. पिशव्या पुन्हा भरल्या की उठतील," मी म्हणाले. खरं तर मलाही धीर नव्हता.

आम्ही वरची खारट माती खरवडून फेकली. आळी एका बाजूनं फोडली आणि विहिरीचं पाणी कळशीवर कळशी ओतलं, मीठ वाहून जावं म्हणून. हात भरून आले तरी आत्याबाई थांबेनात. रोज पहाटे त्या आधी परसात जायच्या, मग चूळ भरायच्या. एका पहाटे त्यांची हाक आली, "अगं ए, बघ की! शेंडं वर झालं!" काही रोपं गेली ती गेलीच, पण बाकीची उभी राहिली.

त्या संध्याकाळी त्यांनी मला चुलीपुढं बसवलं आणि मिठाची मूठ माझ्यावरून उतरवली. "लई नजरा हायेत गावाच्या तुज्यावर."

"माझ्या पायाशी टाकू नका हं," मी म्हटलं.

"गप गं!" म्हणत त्यांनी मूठ चुलीत टाकली. मीठ तडतडलं. मग निखाऱ्यांकडे बघतच म्हणाल्या, "फुडल्या साली आईचं बी तुज्या हातनं पडंल."