चौथा बॉल

काल टीव्हीवर आपल्या जिल्ह्यातली पोरगी भारताकडून बॉलिंग करत व्हती. तिनं दांडी उडवली अन् मला तीर्थपुरीचं आमचं अंगण आठवलं.

ती अन् माझी लेक सुमन एकाच शाळेत बॉल टाकायच्या. शाळेचे सर दोघींना शिबिराला न्यायला आल्ते. म्या कुंपणावर तेलाचा रिकामा डबा ठेवला. म्हणलं, "चारदा लागला तर घेऊन जा."

सुमननं तीनदा डबा पाडला. माझं डोकं फिरलं.

"आता डाव्या हातानं टाक."

"काका, हे बराबर न्हाई," सर म्हणले.

"लेक माझी हाय, सर."

तिनं डाव्या हातानं टाकला. बॉल डब्याला घासून गेला. पत्र्याचा बारीक आवाज तिघांनीबी ऐकला, पण डबा पडला न्हाई.

"न्हाई लागला," म्या म्हणलं.

सर आमच्या अंगणातून एकटेच गेले; शिबिराला ती दुसरीच पोरगी गेली. मंग उन्हाळ्यात सुमनचं लगीन उरकलं. तवा वाटलं, जिंकलो.

काल सुमन माहेरी आल्ती, शेजारीच बसून मॅच पाहत व्हती. म्हणली, "बाबा, आता तरी सांगा. लागल्ता ना?"

"न्हाई."

तिनं माझ्या मांडीवरली तिची पोरगी उचलली अन् आपल्या पलीकडं बसवली.