प्रवाह मंदावला

मी हवामानाचं काम करते, एवढं एकच वाक्य कुरुंदवाडला माझ्या मामाच्या कानावर पडलं आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. खरं काम असं: वीस हजार वर्षांपूर्वी, पृथ्वीवर बर्फाचं राज्य होतं तेव्हा, समुद्राचं पाणी तळापर्यंत कसं फिरत होतं आणि हवेतला कार्बन त्या खोल पाण्यात कसा दडून बसला, हे मी कोल्हापुरात घरी बसून संगणकावर मांडते. एकदा गणित चालू केलं की तीन-तीन आठवडे चालतं. मामाला हे मी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग औंदा उघडीप कवा?"

पुढं त्याच्या गल्लीतल्या तरुण मंडळानं माझा सत्कार केला. फ्लेक्सवर माझा फोटो, खाली 'जगात भारी हवामानतज्ज्ञ', आणि भोवती मंडळाच्या कार्यकर्त्यांचे माझ्यापेक्षा मोठे फोटो. शाल, नारळ, फेटा. तिथंच माइक ओढून सांगायला हवं होतं, की बाबांनो, मला उद्याच्या पावसातलं ओ की ठो कळत नाही. पण फेटा डोक्यावर चढला की माणसाला खरं बोलवत नाही. मी हात जोडले आणि खाली बसले.

गेल्या पावसाळ्यात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. दरवाजे उघडले की आमच्याकडं घरोघरी एकच विषय, किती उघडले आणि पाणी कुठवर आलं. मामाच्या दावणीला चार म्हशी होत्या. थोरली गाभण, दिवस भरत आलेली. तिला उंचावरच्या माळावर न्यायचं म्हणजे टेम्पो, चिखल आणि धक्के. न न्यावं तर पाण्याची भीती. म्हणून सकाळी अकराला मामानं मला फोन लावला.

नेमका त्याच घटकेला माझ्या पडद्यावर निकाल उमटत होता. हिमयुगातला अटलांटिकचा प्रवाह, मला हवा होता तसाच! फोन कानाला लावून मी ओरडलेच, "मंदावला! प्रवाह मंदावला, मामा!"

मामाच्या लेखी प्रवाह म्हणजे गावाजवळच्या पंचगंगा नदीचा. दुसरा असतोच कुठं?

"व्हय? नक्की का?"

"नक्की म्हणजे काय, आकडे समोर हायत की!"

"मग म्हस हलवाय नगं न्हवं?"

यातला 'म्हस' मला ऐकू आला होता. देवाशप्पथ आला होता. पण मी आलेखाचे रंग बघत होते. "हं, हं," म्हणाले. मामानं फोन ठेवला आणि गल्लीभर सांगत सुटला.

गल्लीनं माना डोलावल्या, माझं तोंडभरून कौतुक केलं आणि आपापली जनावरं गुपचूप माळावर नेली. फ्लेक्स लावणं वेगळं आणि म्हस सांभाळणं वेगळं, एवढं त्यांना कळत होतं. माझ्यावर खरोखर विश्वास ठेवणारा एकटाच निघाला, माझा मामा.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाणी गोठ्यात शिरलं. मामानं छातीएवढ्या पाण्यात उतरून दावी कापली. तिघी पोहत निघाल्या. थोरलीला जड अंगानं जमलं नाही.

पाणी ओसरल्यावर मी गेले. मामा खराट्यानं गोठ्यातला गाळ काढत होता. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. तो प्रवाह भलत्याच समुद्रातला होता, तोही वीस हजार वर्षांपूर्वीचा. पंचगंगेचं मला काही कळत नाही, कधीच कळत नव्हतं. वाटलं, आता हा चार शिव्या घालेल. घालायलाच हव्या होत्या.

त्यानं खराटा थांबवला.

"कळत न्हाय, एवढंच म्हणायचं हुतंस की पोरी," तो म्हणाला. "मी कासऱ्याला धरून तिला चालत माळावर नेली असती."