जावळाला मामा

स्वयंपाकघरात धूर झाला की कोकलणारं यंत्र आमच्या घरात आहे का, हे बघायला एक बाई तीनदा येऊन गेली. हे परदेशात, आम्ही राहतो तिथं. तिनं खोल्या मोजल्या, फ्रिज उघडून पाहिला, आणि आम्हा नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारलं की तुम्ही भांडता का. दोघांनीही नाही म्हणून सांगितलं, तेही तिनं लिहून घेतलं. या सगळ्यात पास झालो म्हणून दौंडातल्या एका शिशुगृहातली पंधरा महिन्यांची मुलगी आम्हाला मिळाली. मी मूळची केंदूरची, लग्न होऊन परदेशी गेले त्याला वीस वर्षं झाली. मूल न्यायला आपल्याच मुलखात आलोय, इथं आपल्याला कोण अडवणार, असं मनात होतं. कुणी अडवलं नाहीच. त्याचाच तर राग आहे.

शिशुगृहाच्या ऑफिसात आम्हाला गादीच्या खुर्च्या आणि कपबशीतला चहा मिळाला. मुलीला घेऊन आल्या त्या तिथल्या मावशी. पन्नाशीच्या, एकट्या, मूलबाळ नसलेल्या. मुलगी आठ दिवसांची होती तेव्हापासून त्यांनीच सांभाळली होती. ऑफिसातल्या मॅडम आम्हाला म्हणाल्या, "आमच्या या मावशींनी पण विचारलं होतं बरं का, मीच घेऊ का हिला म्हणून. मी म्हटलं, मावशी, उत्पन्नाचा कागद आहे का? राहायला पत्र्याची एक खोली. तुम्ही तर फॉर्मच्या पहिल्याच पानावर अडाल." आणि मॅडम हसल्या.

मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले खरी. मावशी हसल्या नाहीत. त्या उभ्याच होत्या. त्या खोलीत त्यांना बसा असं कुणी म्हटलं नाही, मीसुद्धा नाही. मुलीनं त्यांच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मग मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. जिनं पंधरा महिने शी-शू काढली, तापात रात्रंदिवस मांडीवर घेतलं, तिच्याकडे कागद नाही. आणि माझ्याकडे ही जाडजूड फाइल, मुलीला अजून हातसुद्धा लावलेला नाही तरी. नियम मुलांच्या भल्यासाठी असतात, हे मला कुणी शिकवू नये. पण बाईनं जीव टाकून काही मागितलं, तर त्याचा पाहुण्यांपुढं विनोद करायचा, हे कुठल्या नियमात बसतं?

निघताना मावशींनी मुलगी माझ्याकडे दिली आणि हळूच म्हणाल्या, "ताई, येक सांगू का? हिचं जावळ न्हाई काढलेलं. हितं उवा होत्यात म्हणून समद्या पोरांची डोकी भादरत्यात. मी हिच्या केसाला कातर लावू दिली न्हाई. जावळ मामाच्या मांडीवर निघावं. तुमास्नी भाऊ हाय ना?"

"आहे की, केंदूरला," मी ऐटीत म्हणाले.

"मग झालं. मामा हाय म्हंजी पोरगी एकली न्हाई." त्यांनी दुसरं काही मागितलं नाही.

पासपोर्टचे कागदी घोडे नाचेपर्यंत मला थांबावं लागणार होतं. नवरा नोकरीसाठी परत गेला आणि मी मुलीला घेऊन भावाकडे राहिले. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दर भाऊबीजेला टोपी घालून पाटावर बसतो आणि मी मोबाइलच्या पडद्याला ओवाळते, इतकं आमचं प्रेम. जावळाचा विषय काढला की तो म्हणायचा, कांदा काढून होऊ दे. कांदा निघाला, मग मोटर जळाली. मोटर दुरुस्त झाली, मग अमावस्या आली. मी खुळी, पंचांग बघत बसले.

एका दुपारी जेवताना त्यानं ताटाकडं बघतच विचारलं, "ताई, जात कळली का तिची?"

"कागदात तो रकाना नाही," मी म्हणाले.

"त्येच म्हंतोय मी. मांडीवर घेतली म्हंजी मी तिचा मामा झालो. गाव इचारनार. तू जाशील निघून, मला हितंच ऱ्हायचंय. माझ्या पोरींची लग्नं व्हायची हायत."

आणि त्याच्या त्या दोन्ही पोरी पडवीत माझ्या मुलीला आमटी-भात भरवत होत्या. तिच्या गालाला लागलेली शितं पुसत होत्या. त्यांना कुणी रकाना दाखवला नव्हता अजून. परदेशातले लोक देव आहेत असं नाही, तिथं माझ्या कातडीकडं बघून बोलणारे मला रोज भेटतात. त्यावर मी याच भावापाशी फोनवर रडले होते, आणि "काय माणसं म्हनायची ही," असं तोच म्हणाला होता. त्याला त्याची आठवण करून दिली. त्यानं पुढचा घास घेतला. भावजय म्हणाली, "ताई, आमटी गार व्हायलीय." मी ताटावरून उठले.

संध्याकाळी मावशींना फोन केला. काहीतरी थाप मारणार होते, पण जमलं नाही, सगळं खरं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "माजा भाऊ हाय. इनामगावाकडं वस्तीवर असतो. उद्या येता का?"

सकाळी गाडी करून गेले. मावशींच्या भावाची पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आणि मका. पाच-सहा मेंढरं मात्र सवय म्हणून ठेवलेली. अंगणात घोंगडी अंथरलेली होती, तिच्यावर शिरूरच्या बाजारातून आणलेलं लाल टोपरं. म्हातारे न्हावी, सगळे त्यांना आप्पा म्हणत, वस्तरा परजत बसले होते. मावशी दिसताच मुलगी माझ्या कडेवरून अशी झेपावली की मला जपून धरावं लागलं. इतक्या दिवसांत ती माझ्याकडे एकदाही अशी झेपावली नव्हती. मला मत्सर वाटला, आणि त्या मत्सराची चीडही आली.

मावशींचा भाऊ घोंगडीवर बसला, हात पुढे केले आणि मुलीला मांडीवर घेतलं. काही विचारलं नाही. मावशींनी तिचे पाय धरले. न्हाव्यांनी केस ओले केले, वस्तरा उचलला आणि थांबले. प्रत्येक जावळाला विचारत असतील तसंच त्यांनी विचारलं, "मामा सख्खा हाय ना? पयली बट सख्ख्या मामाच्याच मांडीवर पडाया पायजे."

मला समजायला एक क्षण लागला. मामा म्हणजे आईचा भाऊ. हा माझा भाऊ नव्हता.

मावशींनी मान वर केली नाही. "सख्खाच हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या पर्समध्ये सही-शिक्क्याचा कागद होता, त्यात आई म्हणून माझं नाव. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. न्हावी माझ्याकडे बघत राहिले. गाडीतून उतरलेली बाई मी, तेव्हा शेवटचा शब्द माझाच, हे त्यांनीही गृहीत धरलं होतं. अंगणातली एकुलती एक खुर्चीसुद्धा मलाच दिलेली होती.

मी खुर्चीवरून उठले आणि घोंगडीशेजारी, मावशींना लागून, मातीत बसले.

"सख्खाच आहे, आप्पा," मी म्हणाले. "करा सुरू."