रुखवतातली चादर

चादरीवर फुलं छापायच्या स्टेन्सिलसाठी दुकानात प्लॅस्टिकची शीट मिळते, पण मी नवऱ्याच्या छातीचे जुने एक्स-रे वापरले. ब्लीचच्या पाण्यात भिजवून घासले की काळेपणा जातो आणि फिल्म काचेसारखी स्वच्छ होते. रंगाने फुगत नाही, पुसून पुन्हा वापरता येते. तो गेल्यावर त्यांचा दुसरा काही उपयोग नव्हता.

चादर भाचीच्या, म्हणजे भावाच्या मुलीच्या रुखवतासाठी होती. नवरीच्या हातचं म्हणून जे मांडतात, त्यात ठेवायची. मी चाकणला एका कंपनीत पार्ट तपासते, दिवसभर मापं घ्यायचा व्हर्नियर हातात असतो. फिल्ममध्ये कमळ कापताना दोन पाकळ्यांमध्ये पट्टी सोडावी लागते, नाहीतर मधला भाग गळून पडतो. ती मी सगळीकडे दोन मिलिमीटर ठेवली. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून रंग थोपटत लावला. एकही फूल पसरलं नाही.

भाची शेजारी मोबाइल बघत बसली होती. "आत्या, मी सगळ्यांना सांगणार, हे तू केलंस," ती आपणहून म्हणाली. मला तेवढंच हवं होतं. लग्नात विधवेला मागची खुर्ची मिळते. एकदा कुणी पुढे बोलवावं, असं वाटत होतं.

निघोज्याजवळच्या कार्यालयात रुखवत मांडताना वहिनी म्हणाली, "वन्सं, हे तुम्ही केलंय असं बोलू नका हं. शुभकार्य आहे. मुलाकडच्या बायका जुन्या वळणाच्या."

"मग चादर कशी चालते?"

"छान झालीय ना!" असं म्हणून तिने चादरीवर चिठ्ठी टाचली, 'नवरीची कलाकुसर.'

नवऱ्या मुलाची आई बायका घेऊन आली. तिने चादर उलटून पाहिली, नखाने रंग खरवडला. "पोरीचा हात लई साफ हाय. तूच केलं व्हय गं?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. "हो, मीच."

"आन् ह्या कोण?"

"माझी आत्या. एकटीच असते."

"मग ह्यास्नी बी शिकव की. बसून बसून येळ तरी जाईल."

बायका हसल्या. वहिनीही हसली. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण भाची म्हणाली, "शिकवलं असतं हो, पण आत्याचा हात थरथरतो."

"आरारा! एवढ्यातच?" कुणीतरी म्हणालं.

मी उजवा हात पुढे केला, बोटं सरळ ठेवून, त्या चादरीच्या वर. पाचातलं एकही बोट हललं नाही. तोवर बायका रुखवतातल्या लाडवांच्या मनोऱ्याकडे वळल्या होत्या. भाची पदर सावरत त्यांच्यामागे गेली.

"वन्सं," वहिनी खालच्या आवाजात म्हणाली, "हात काढा. फोटो काढायचेत."